संस्था बदलते तेव्हा बांध कोण राखतो?

नेतृत्व हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा एक व्यासपीठ उभे राहते. त्यावर पुष्पहार असतात, ध्वनिक्षेपक असतो आणि हात उंचावून बोलणारा एखादा गृहस्थ असतो. आजच्या भाषणात मी श्रोत्यांना दुसऱ्याच जागी नेणार आहे. ती जागा म्हणजे नदीकाठचा मातीचा बांध. संस्था कशी बदलते, बदलताना तिच्या हातून काय निसटते आणि अशा वेळी माणसाने पुढारपण कसे करावे, हे समजून घेण्यास गोमंतकात याहून चांगली शाळा नाही.

डिचोली तालुक्यातील आमोणे हे गाव मांडवीच्या काठी वसलेले आहे. गोड्या पाण्याची म्हणून आपण जिला ओळखतो त्या या नदीत भरतीचे पाणी आमोण्यावरूनही वर चढते. दिवसातून दोन वेळा समुद्र नदीच्या वाटेने गावांच्या दारात येतो आणि दोन वेळा माघारी जातो. गोव्यातील नदीकाठची सखल शेते, ज्यांना आपण खाजने म्हणतो, ती या भरतीच्या पातळीपेक्षाही खाली आहेत. माती आणि जांभा दगड यांचे बांध घालून पूर्वजांनी ती खाऱ्या पाण्यापासून राखली आणि त्यांत कोरगुटासारखे क्षार सोसणारे भात पिकविले.

बांधात एक दार असते. त्याला मानस म्हणतात. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मानशीची लाकडी दारे आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडतात आणि शेतातले पावसाचे पाणी नदीत जाते. ही रचना इतकी साधी आहे की ती कोणा माणसाविना चालते असे वाटावे. वस्तुतः तसे नाही. दाराच्या फळ्या कुजतात, खेकडे बांधाला बिळे पाडतात, उधाणाच्या लाटा माती खातात. लहानसे भोक वेळीच बुजविले नाही तर तेथून खिंडार पडते. एकदा का खारे पाणी शेतात शिरले, की ते मीठ धुऊन निघण्यास काही पावसाळे जावे लागतात. एका रात्रीच्या दुर्लक्षाची किंमत कुटुंबे काही वर्षे मोजतात.

हा बांध पूर्वी कोण राखीत असे? गोव्यातील पुष्कळ गावांत हे काम गांवकरी या संस्थेकडे होते. पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून चालत आलेल्या या संस्थेच्या रूढी १५२६ साली आफोंसो मेशिया याने नोंदवून घेतल्या. पुढे पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद असे नाव दिले आणि कायद्यांच्या चौकटीत बसविले. त्यातील अखेरची संहिता १९६१ सालची. गावची जमीन सामाईक असे. शेते ठरावीक मुदतीने लिलावाने कसावयास दिली जात. उत्पन्नातून आधी देवस्थान, बांध, वाटा आणि सरकारी देणे यांचा खर्च भागे आणि उरलेल्या रकमेतून गांवकारांना जोण, म्हणजे वाटा, मिळे. बांधाचा खर्च वाट्याच्या आधी वजा होत असे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बांध फुटला तर वाटाच उरणार नाही, हे प्रत्येक गांवकाराला ठाऊक होते.

तथापि या संस्थेचे गोडवे गाऊन थांबणे हा अन्याय ठरेल. गांवकारपण जन्माने मिळे, आणि तेही पुरुष वंशाला. जो प्रत्यक्ष चिखलात उतरून बांध घाली, त्या कुळाला बैठकीत आवाज नव्हता. जो सर्वांत जास्त राबे त्याचाच अधिकार सर्वांत कमी, अशी ती व्यवस्था होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, १९६२ मध्ये ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि २० डिसेंबर १९६३ रोजी दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. १९६४ साली कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकीचा हक्क दिला. हा बदल न्याय्य होता आणि तो फार उशिरा आला, एवढेच त्याच्याविषयी खेदाने म्हणता येईल.

परंतु हक्क एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तेव्हा हक्काला चिकटलेले कर्तव्य त्याच्याबरोबर आपोआप जात नाही. जुन्या संस्थेचे उत्पन्न आटले, तेव्हा बांधावर खर्च करण्याची तिची उमेदही आटली. नव्या धन्यांपाशी जमिनीचे छोटे छोटे तुकडे होते. बांध मात्र अखंड होता. माझ्या तुकड्यासमोरचा बांध मी राखला, पण शेजाऱ्याच्या तुकड्यासमोर तो फुटला, तर माझे शेत कोरडे राहणार नाही. ही अडचण सरकारच्याही ध्यानात आली, म्हणून १९७५ च्या नियमांनी कुळांच्या संयुक्त जबाबदारीची तरतूद केली आणि कूळ संघटना उभ्या राहिल्या. कागदावर पोकळी भरली. प्रत्यक्षात काही ठिकाणी ती भरली आणि अनेक ठिकाणी तशीच राहिली.

पोकळी का राहिली, याचे एक कारण मानशीजवळच सापडते. मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळी धरता येते, आणि हा मासळीचा हक्क लिलावाने दिला जातो. त्यातून मिळणारा पैसा बांधासाठी वापरावा, ही मूळ कल्पना. पण मासळी जास्त हवी असेल तर खारे पाणी जास्त आत यावयास हवे, आणि भात हवे असेल तर ते बाहेर राहावयास हवे. शेती परवडेनाशी झाली, तरुण नोकरीस गेले, तेव्हा लिलावाचे पैसे भातापेक्षा मोठे दिसू लागले. काही खाजनांत दारे वेळेवर मिटेनाशी झाली. संघटना होती, तिचे नियम होते, पदाधिकारीही होते. हे दार कोणासाठी आहे, या प्रश्नाचे एकमुखी उत्तर मात्र उरले नव्हते.

येथे परदेशातील एक उदाहरण उपयोगी पडेल. नेदरलँड्स हा देशही बांधांच्या आधाराने उभा आहे. तेथे बांध आणि पाणी सांभाळणारी जलमंडळे तेराव्या शतकापासून आहेत. १९५३ च्या महापुरात तेथे अठराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर त्यांनी आपल्या संस्था मुळापासून बदलल्या. १९५० च्या सुमारास अशी मंडळे अडीच हजारांच्या घरात होती. एकत्रीकरण होत होत आज ती केवळ २१ उरली आहेत. मात्र या सर्व उलथापालथीत मंडळांचा स्वतंत्र कर आणि त्यांची स्वतंत्र निवडणूक त्यांनी मोडली नाही. शेकडो मंडळे मिटली, परंतु कोणताही बांध एक दिवसही बेवारशी राहू नये अशी व्यवस्था ठेवली गेली. संस्था बदलावी कशी, याचा हा धडा आहे.

आता प्रश्न असा, की माणसांना नवे कर्तव्य पटते कशाने? कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत एक प्रयोग केला. मांसाची टंचाई होती आणि गृहिणींनी जनावराचे काळीज, मूत्रपिंड असे न रुचणारे भाग स्वयंपाकात वापरावेत अशी सरकारची इच्छा होती. काही गटांना उत्तम व्याख्यान दिले गेले. काही गटांत गृहिणींनी आपसात अडचणींची चर्चा केली आणि अखेरीस हात वर करून निर्णय घेतला. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के स्त्रियांनी ते पदार्थ करून पाहिले. स्वतः निर्णय घेतलेल्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी. सांगणे तेच होते. फरक एवढाच, की दुसऱ्या गटात निर्णय ऐकणाऱ्यांचा स्वतःचा झाला होता. गावच्या सभेत तासभर भाषण करून शेवटी सर्व संमत ना, असे विचारणाऱ्या पुढाऱ्याने हे दोन आकडे मनात ठेवावेत.

मग बदलाच्या काळात ज्याला पुढारपण करावयाचे आहे, त्याने काय करावे? पहिली गोष्ट, जुनी संस्था मोडण्यापूर्वी ती न बोलता कोणकोणती कामे करीत होती, याची यादी करावी. लिहिलेले नियम सर्वांना दिसतात. न लिहिलेली कामे ती बंद पडल्यावरच दिसतात. त्या यादीतील प्रत्येक कामापुढे एका माणसाचे नाव आणि एक तारीख लिहावी. 'सर्वांनी मिळून' असे जेथे लिहिले जाते, तेथे बहुधा कोणीच जात नाही.

दुसरी गोष्ट, बदलाने कोणाचे काय जाणार आहे ते उघडपणे मान्य करावे. मासळीचा हक्क घेणारा, भात पिकविणारा आणि शेत पडीक टाकून शहरात गेलेला मालक, या तिघांचे हित एक नाही. ते एकच आहे असे सांगणे म्हणजे भांडण पुढच्या भरतीपर्यंत लांबणीवर टाकणे होय. तिघांना समोरासमोर बसवून दार केव्हा मिटावयाचे, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे.

तिसरी गोष्ट, हिशेब. लिलावात किती आले, बांधावर किती गेले, हे चार ओळींत लिहून सर्वांना वाचता येईल अशा जागी लावावे. अविश्वासाने जितक्या संघटना मोडल्या आहेत, तितक्या गरिबीने मोडलेल्या नाहीत. आणि चौथी गोष्ट, आपल्यामागे काम सांभाळणारा दुसरा माणूस तयार करावा. ज्याच्या आजारपणात बांध फुटतो, त्याने पुढारपण केले खरे, पण ते अपुरे केले.

काही बदल असेही असतात, की ते गावाला विचारून येत नाहीत. आमोण्याच्या परिसराने हेही पाहिले आहे. मांडवीतून खनिज वाहून नेणाऱ्या बार्जी आणि रस्त्यांवरून धावणारे ट्रक यांच्यावर डिचोली तालुक्यातील अनेक घरांच्या चुली पेटत होत्या. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढे त्या अंशतः सुरू झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरून १६ मार्चपासून त्या पुन्हा थांबल्या. कर्ज काढून ट्रक घेतलेल्या माणसासमोर अशा वेळी पुढाऱ्याने काय बोलावे? पुढच्या महिन्यात सारे सुरळीत होईल, हे सांगणे सर्वांत सोपे. पण त्या आशेवर माणूस आणखी एक कर्ज काढतो. जे ठाऊक आहे ते सांगावे, जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगावे, आणि घराघरात बसून उत्पन्नाचा दुसरा मार्ग शोधण्यास मदत करावी. असे बोलणाऱ्याला त्या दिवशी टाळ्या मिळत नाहीत. परंतु वर्षभराने लोक सल्ल्यासाठी त्याच्याच दारी येतात.

आमोण्याचे ग्रामदैवत वेताळ. वेताळ रात्री गावच्या सीमेवरून फिरतो, अशी आपल्याकडे लोकश्रद्धा आहे, आणि म्हणून अनेक ठिकाणी त्याला वहाणा अर्पण करण्याची चाल आहे. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात असे जुनी माणसे सांगतात. श्रद्धा असो वा नसो, ज्यांनी ही कल्पना केली त्यांना राखणदाराचे काम नेमके समजले होते. राखणदाराची ओळख झिजलेल्या वहाणांवरून पटते.

वैशाखातील पौर्णिमेचे उधाण येईल तेव्हा आपल्या गावच्या बांधावरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहावे. जेथे बांध ओलावलेला दिसेल, तेथे थांबावे आणि विचारावे की ही जागा कोणाच्या नावावर आहे. उत्तर मिळाले नाही, तर पावसाळ्यापूर्वी ती जागा आपल्या नावावर लिहून घ्यावी. नेतृत्वाचा अभ्यास तेथून सुरू होतो.