धरणमालकाची कसूर आणि कायद्याचा धाक

दापोडीपाशी पवना मुळेला मिळते, आणि दोन्ही नद्यांच्या वरच्या अंगाला एकेक मोठे धरण असल्याने येथील नदीकाठच्या वस्तीचे पावसाळ्यातील भवितव्य आभाळाइतकेच धरणांच्या दरवाजांवरही अवलंबून असते. पवना धरण सरकारच्या जलसंपदा खात्याचे. ज्याच्याविरुद्ध सेनापती बापटांनी 1921 साली सत्याग्रह पुकारला, ते मुळशीचे धरण टाटांच्या वीज कंपनीचे. मुळशीचे पाणी एरवी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहाकडे जाते; परंतु जलाशय तुडुंब भरला म्हणजे त्याचा विसर्ग मुळेच्या पात्रातच करावा लागतो. अशा वेळी महापालिकेची गाडी भोंग्यावरून इशारा देत फिरते, पाणी कुठवर चढले हे पाहण्यास हॅरिस पुलावर माणसे जमतात, आणि सखल भागातल्या घरांतून गाद्या, रेशनकार्डे नि मुलांची दप्तरे शाळेच्या इमारतीकडे निघतात. ही सारी यातायात लोक निमूटपणे सोसतात. तेव्हा धरणाच्या मालकाने स्वतःच्या कर्तव्यात कसूर केल्यास त्याला कोणते शासन होते, हे जाणून घेण्याचा त्यांना पुरेपूर हक्क आहे.

12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची जुनी भिंत कोसळली आणि पुणे उद्ध्वस्त झाले. तरीही धरणांच्या सुरक्षिततेचा देशव्यापी कायदा होण्यास साठ वर्षे जावी लागली. 30 डिसेंबर 2021 पासून अमलात आलेला धरण सुरक्षा अधिनियम पंधरा मीटरहून उंच असलेल्या सर्व धरणांना, आणि काही अटींनिशी दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणांनाही लागू आहे. पावसाळ्याच्या आधी व नंतर तपासणी करणे, सुरक्षा कक्ष नेमणे, देखभाल-दुरुस्तीसाठी पैशाची तजवीज ठेवणे ही कर्तव्ये त्याने मालकावर घातली आहेत.

शिक्षेची तरतूद कलम 41 मध्ये आहे. सबळ कारणावाचून अधिकाऱ्याच्या कामात अडथळा आणणाऱ्यास, किंवा कायद्यान्वये दिलेला हुकूम पाळण्याचे नाकारणाऱ्यास, एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. त्यातून प्राणहानी झाली वा तिचा धोका समोर येऊन ठेपला, तर कैदेची मुदत दोन वर्षांपर्यंत. अपराध कंपनीचा असेल तर तिचा कारभार पाहणारे जबाबदार धरले जातात. आणि सरकारी खात्याचा असेल तर, ही गोष्ट आपल्या नकळत घडली किंवा आपण योग्य ती दक्षता घेतली होती असे सिद्ध करीपर्यंत, खातेप्रमुखच दोषी मानला जातो. या शेवटच्या तरतुदीचे मला मनापासून स्वागत करावेसे वाटते.

परंतु कलमाचे शब्द नीट पाहता शिक्षा आहे ती हुकूमभंगाला. निव्वळ हेळसांडीला नाही. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे वाहून गेली, आणि भिंतीतून गळती होत असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी त्यापूर्वीच केलेल्या होत्या. तक्रार आली, पण तिच्यावरून हुकूमच निघाला नाही, तर या कलमाखाली भंग तरी कशाचा व्हावा? शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 प्रमाणे निष्काळजीपणाने एका माणसाच्या मृत्यूस कारण होणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गावेच्या गावे ज्याच्या भरवशावर झोपतात त्या धरणाच्या खास कायद्यात मात्र दोनच वर्षे, हे प्रमाण मला न्याय्य वाटत नाही.

याहून मोठी उणीव फिर्यादीची आहे. सरकार, त्याने अधिकार दिलेली व्यक्ती, किंवा या कायद्याखालच्या समित्या व यंत्रणा यांच्या तक्रारीवाचून न्यायालय दखल घेऊ शकत नाही. दापोडीच्या रहिवाशाला थेट तेथे जाता येत नाही. राज्याची नाशिक येथील धरण सुरक्षितता संघटना तर जलसंपदा खात्याचाच भाग, आणि राज्यातली बहुतेक मोठी धरणेही त्याच खात्याची. आपल्याच खातेप्रमुखावर फिर्याद गुदरण्याचे धैर्य एखाद्या अभियंत्याने दाखवावे, अशी अपेक्षा करणे हा त्याच्यावरही अन्याय आहे. फिर्यादीचा हा अधिकार बाधित गावांना व प्रभागांना मिळाला पाहिजे.

तूर्त एक गोष्ट आताच मागता येण्याजोगी आहे. जुन्या धरणांचा आपत्कालीन कृती आराखडा तयार करण्यास कायद्याने पाच वर्षांची मुदत दिली, ती डिसेंबर 2026 अखेर संपते. पवना आणि मुळशी या दोन्ही धरणांच्या आराखड्यांतील, दापोडीत पाणी किती वेळात व कोणत्या गल्लीपर्यंत येईल हे सांगणारी पाने मराठीत छापून क्षेत्रीय कार्यालयात लावावीत, असा लेखी अर्ज येथील नागरिकांनी दोन्ही मालकांकडे करावा आणि त्याची पोच घ्यावी.