कुंपणाच्या गेटवर

पंजाबात पाकिस्तानच्या सीमेवरचं तारेचं कुंपण शून्य रेषेच्या बरंच अलीकडे, आपल्याच हद्दीत आहे. हजारो एकर शेती त्याच्या पलीकडे राहिली. अमृतसर जिल्ह्यातल्या अशाच एका गेटवर मी सकाळपासून उभा होतो.

धुकं विरल्यावर कुलूप निघालं. ओळखपत्रं नोंदवहीशी ताडली गेली. ट्रॅक्टरची टूलबॉक्स, सीटखालची जागा, फवारणीचा पंप, जेवणाचा डबा, सगळं उघडून पाहिलं. बायकांची झडती सीमा सुरक्षा दलाच्या महिला जवानांनी घेतली. मग रायफलधारी जवान शेतकऱ्यांबरोबर पलीकडे गेले. काम संपेपर्यंत ते बांधावरून हलत नाहीत. तिथे उंच वाढणारं पीक घेऊ देत नाहीत, कारण त्यात माणूस दडू शकतो. संध्याकाळी गेलेल्यांची आणि आलेल्यांची मोजणी जुळली की गेट बंद. रात्री पुन्हा नाक्यावर पहारा. एक जण रजेवर गेला की त्याची रात्र दुसऱ्याच्या वाट्याला येते. मनुष्यबळाची चर्चा करणाऱ्यांनी इथे एक दिवस काढावा.

एप्रिल 1965 मध्ये कच्छच्या सरदार पोस्टवर पाकिस्तानचा हल्ला झाला, तेव्हा सीमा मुख्यतः राज्यांच्या सशस्त्र पोलिसांकडे होती. त्याच वर्षी 1 डिसेंबरला हे सीमा सुरक्षा दल उभं राहिलं. पहिले प्रमुख के. एफ. रुस्तमजी, आपल्या कामठीत जन्मलेले. 1968 च्या कायद्याने या दलाला संघराज्याचं सशस्त्र दल ठरवलं, त्याला स्वतःची न्यायालयंही दिली. शिस्त सैन्यासारखीच कडक.

पेन्शनच्या वेळी मात्र हिशोब बदलतो. 1 जानेवारी 2004 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही; सैन्याला ती आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये जवानांच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मला हा भेद अन्यायाचा वाटतो. सैनिकाची शिस्त मागणाऱ्या सरकारने सैनिकाचं म्हातारपणही सांभाळलं पाहिजे.

हा प्रश्न आपल्या मुलांचाही आहे. चाकूरला, लातूर जिल्ह्यात, दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. 2024 पासून शिपाई भरतीची लेखी परीक्षा मराठीतही देता येते. पहाटे रस्त्याकडेला धावणारी आपली मुलं याच नोकरीसाठी घाम गाळतात. एकदा वर्दी चढली की त्यांना परवानगीशिवाय संघटनेत जाता येत नाही. तेही 1968 च्या त्याच कायद्याच्या 13 व्या कलमात आहे. ते बोलू शकत नाहीत, म्हणून आपण बोललं पाहिजे. पेन्शनचा प्रश्न न्यायालयावर न सोडता संसदेने कायद्यानेच सोडवावा, असं आपल्या खासदाराला लिहा.