पाकटाचा काटा आणि गरम पाणी
आगरदांड्याहून दिघीला जाणारी फेरीबोट सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याच राजपुरी खाडीत गुडघाभर चिखलात राबणाऱ्यांच्या हातापायांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून ही पोस्ट.

पाकट, म्हणजे स्टिंग रे मासा, चिखलात अंग पुरून पडून राहतं. त्याच्यावर पाय पडला की शेपटी उसळते. काट्याच्या दोन्ही कडांना मागे वळलेले करवती दाते आणि वर विषारी आवरण. म्हणून तो आत घुसताना फाडतो, बाहेर निघताना त्याहून जास्त. जाळ्यातून सोडवताना शिंगाळा माशाचे काटेही बोटात असेच रुततात.

दुखऱ्या जागी शेक द्यायची आपली जुनी रीत इथे अगदी बरोबर आहे. हे विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने निकामी होतं. जखम धुऊन सोसेल इतक्या गरम पाण्यात, जास्तीत जास्त ४५ अंश, ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा. ठणक्यात भाजलेलं कळत नाही.

हळद-चुन्याचा लेप मात्र मुक्या मारासाठीच. उघड्या जखमेत चुना कातडी जाळतो. छाती, पोट किंवा मानेत रुतलेला काटा उपटू नका, तो तसाच ठेवून रुग्णालय गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका. कालवांच्या धारेने कापलं आणि लाली झपाट्याने पसरू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर. मधुमेह असेल तर जास्तच जपा, खाऱ्या पाण्यातले व्हिब्रिओ जिवाणू जिवावर बेततात.

आणि चिखलात पाय उचलून टाकू नका, घासत सरका. चाहूल लागली की पाकट आपणच निघून जातं.