विश्लेषण : कोंबडीची सोबत हा उपचार ठरू शकतो का? काय आहे हा नवा व्यवसाय?

कुत्रे आणि घोड्यांपाठोपाठ आता कोंबड्याही एकाकी ज्येष्ठांच्या आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या सोबतीला जाऊ लागल्या आहेत. ब्रिटन, अमेरिकेत अशी सेवा व्यवसाय म्हणून सुरू करण्याचा विचार होऊ लागला आहे. मात्र या सोबतीची गरज ज्यांना सर्वाधिक, त्यांनाच तिच्यातून होणाऱ्या संसर्गाचा धोकाही अधिक आहे.

सुरुवात कुठून झाली?

मानसोपचारात प्राण्यांची मदत घेण्याची कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कमधील बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी आपल्या जिंगल्स या कुत्र्याच्या सहभागाचा अनुभव १९६०च्या दशकात अभ्यासकांपुढे मांडला. कोंबड्यांची पाळी बरीच नंतर आली. ईशान्य इंग्लंडमधील गेट्सहेडच्या ‘इक्वल आर्ट्स’ या धर्मादाय संस्थेने २०१०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘हेनपॉवर’ उपक्रम सुरू केला. वृद्धनिवासांत खुराडी उभारण्यात आली आणि कोंबड्यांची जबाबदारी ज्येष्ठांवरच सोपवण्यात आली. पुढे हे ज्येष्ठ कोंबड्या घेऊन शाळांत आणि इतर वृद्धनिवासांतही जाऊ लागले. नॉर्थम्ब्रिया विद्यापीठाच्या मूल्यमापनात सहभागींचे नैराश्य आणि एकटेपणा कमी झाल्याचे दिसले. अभ्यासातील गट लहान असल्याने त्यावरून सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. तरीही हा उपक्रम पुढे ऑस्ट्रेलियातही पोहोचला.

कोंबडीच का?

कोंबडीला कुत्र्याप्रमाणे फिरायला न्यावे लागत नाही आणि पाळण्याचा खर्चही कमी येतो. सिल्कीसारख्या मऊ पिसांच्या, शांत जातीची कोंबडी मांडीवर निवांत बसते. तिच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सियसच्या आसपास असल्याने हाताला ऊब जाणवते. मात्र खरा परिणाम कुरवाळण्यापेक्षा जबाबदारीचा असतो. वृद्धनिवासात जेवणापासून औषधांपर्यंत सारे काही दुसरेच कोणी करते. दाणापाणी देणे, खुराडे झाडणे, अंडी गोळा करणे या कामांमुळे आपल्यावरही कोणी अवलंबून आहे, ही भावना परत येते.

‘थेरपी’ कशाला म्हणायचे?

पक्षी घेऊन तासभर भेट देणे हा प्राण्यांच्या सहभागाचा उपक्रम झाला. थेरपी म्हणायची तर प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ किंवा व्यवसायोपचारतज्ज्ञ हवा, ठरवलेले उद्दिष्ट हवे आणि प्रगतीची नोंदही हवी. केवळ कोंबड्या पाळणारा माणूस थेरपिस्ट होत नाही. अमेरिकेत ‘पेट पार्टनर्स’ ही संस्था भेटीगाठींसाठी ज्या नऊ प्रकारच्या प्राण्यांची नोंदणी करते, त्यांत पक्षीही आहेत. मात्र अशा प्राण्याला ‘सेवा प्राण्या’चे हक्क मिळत नाहीत. २०२१पासून तेथील विमान कंपन्यांवर केवळ प्रशिक्षित सेवा-श्वानांनाच प्रवेश देण्याचे बंधन आहे.

आरोग्याचे धोके कोणते?

निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेत आणि पिसांवरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालील मुले, ६५ वर्षांवरील ज्येष्ठ आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना त्यातून गंभीर आजार होण्याचा धोका अधिक असतो. थोडक्यात, या सेवेचे बहुतांश ग्राहक याच गटांत येतात. त्यामुळे प्रत्येक स्पर्शानंतर साबणाने हात धुणे, पक्षी तोंडाजवळ न नेणे आणि स्वयंपाकघर, जेवणघरापासून त्यांना दूर ठेवणे अनिवार्य ठरते.

दुसरा धोका बर्ड फ्लूचा. महाराष्ट्राने तो २००६ मध्ये नवापूरला अनुभवला आहे. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२३ या काळात सर्व पाळीव पक्षी बंदिस्त ठेवण्याचा आदेश होता. ऑक्टोबर २०२४पासून तेथे एक कोंबडी पाळली तरी नोंदणी बंधनकारक आहे.

कोंबडीचे काय?

कोंबडी कळपात राहणारा पक्षी आहे. तिला एकटी ठेवणे क्रूरपणाचे ठरते. ती आजारपण लपवते, त्यामुळे तिला झालेला त्रास अनेकदा उशिरा लक्षात येतो. दोन-तीन वर्षांनंतर तिची अंडी कमी होतात, पण ती आणखी काही वर्षे जगते. त्या काळाचा खर्च आधीच हिशेबात धरावा लागतो. जिच्यावर ज्येष्ठांचा जीव जडला, ती एके दिवशी मरणार. ते कोणी आणि कसे सांगायचे, याची तयारीही हवी.

व्यवसाय म्हणून कितपत शक्य?

वृद्धनिवास, शाळा यांच्याकडून भेटीमागे मिळणारे शुल्क हा उत्पन्नाचा मुख्य मार्ग आहे. त्यातून विमा, पशुवैद्यक, वाहतूक आणि स्वच्छतेचा खर्च निघायला हवा. बर्ड फ्लूचे निर्बंध लागू झाले की भेटी थांबतात, दाण्याचा खर्च मात्र थांबत नाही. ‘हेनपॉवर’ उभे राहिले तेही धर्मादाय संस्थेच्या आणि अनुदानाच्या बळावर. म्हणूनच नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी केवळ कोंबड्यांवर विसंबण्यापेक्षा आधी प्रशिक्षित तज्ज्ञाची साथ मिळवणे, एखाद्याच वृद्धनिवासात कायमचे खुराडे उभारणे आणि निर्बंधांच्या काळासाठी पर्यायी कार्यक्रम आखून ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरेल.