वाढदिवस मोटाउनचा, गाणं परक्या कंपनीचं

१६ मे १९८३ च्या रात्री अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ‘मोटाउन २५: यस्टरडे, टुडे, फॉरेव्हर’ हा कार्यक्रम लागला. बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन डेट्रॉइटमध्ये काढलेल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा हा रौप्यमहोत्सव. काटेकोर हिशेबाने पंचवीस वर्षं अजून भरायची होती. पण टीव्हीवाल्यांना तेवढा धीर कुठला!

चित्रण मार्चमध्येच पॅसाडेना सिव्हिक ऑडिटोरियममध्ये उरकलं होतं. निर्माती सुझान डी पास, सूत्रधार रिचर्ड प्रायर. टेम्प्टेशन्स आणि फोर टॉप्स हे दोन गायकगट समोरासमोर उभे राहिले आणि सवाल-जवाबाची बारी रंगावी तशी त्यांची हिट गाणी रंगली. मार्व्हिन गे पियानोशी बसून आधी कृष्णवर्णीयांच्या संगीताबद्दल बोलला, मग ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ गायला. मला विचाराल तर हीच त्या रात्रीची सर्वांत अस्सल मिनिटं.

लोकांच्या लक्षात राहिला मात्र मायकल जॅक्सन. भावांबरोबर जुनी गाणी गाऊन झाल्यावर तो मंचावर एकटाच थांबला आणि ‘बिली जीन’ सुरू झालं. हे गाणं मोटाउनचं नव्हतंच, एपिक कंपनीचं होतं. ते करू दिलं तरच येईन, अशी त्याची अटच होती. आवाज टेपवरचा, पावलं मात्र खरी. मध्येच तो पुढे चालल्यासारखं करत मागे सरकला आणि ‘मूनवॉक’ घरोघरी पोचला. ती चाल त्याने शोधलेली नव्हती. ‘शालामार’ या गटाच्या जेफ्री डॅनियलने आदल्याच वर्षी बीबीसीवर ती करून दाखवली होती.

या गर्दीत मंचावर नव्हता तो जेम्स जेमरसन. मोटाउनच्या असंख्य हिट गाण्यांतला बेस गिटार त्याचा. गायकांची नावं जगभर झाली. वादकांची नावं १९७१ पर्यंत कंपनीच्या रेकॉर्डवर सहसा छापलीही जात नसत. या सोहळ्याचं तिकीट जेमरसनने काळ्या बाजारात घेतलं आणि मागच्या रांगेत बसून तो पाहिला, असं सांगतात. त्याच ऑगस्टमध्ये तो वारला. कार्यक्रमाला पुढे एमी पुरस्कार मिळाला.

मोटाउनचं ‘माय गर्ल’ पुन्हा लावाल तेव्हा गाणारा तोंड उघडण्याआधीचे ते सुरुवातीचे स्वर नीट ऐका. ते जेमरसनचे आहेत.