थोरला अंगणात आहे

मंडळी, उधळ्या पुत्राचा दाखला आपण धाकटा घरी आला की संपवतो. पण लूकच्या १५व्या अध्यायात पुढे थोरला आहे, आणि मला विचाराल तर घर म्हणजे काय ते त्याच्यापाशी कळतं. हिशेबाने त्याचं चूक नाही. इतकी वर्षं राबलाय. मात्र बोलताना बघा, तो "भाऊ" म्हणत नाही. बापालाच म्हणतो, तुमचा मुलगा. आपल्याकडेही सातबाऱ्यावरून बिनसलं की सख्खा भाऊ "तुमचा लाडका" होतोच की! वाटणी खरं तर दोघांनाही मिळाली होती. तिथे मूळ ग्रीक शब्द आहे "बिओस", म्हणजे जगणं, उपजीविका. बाप हिशेब तपासत बसत नाही. मुलाचा शब्द तेवढा बदलतो: तुझा भाऊ. थोरला आत गेला का, ते लूक सांगत नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतोय, तिथेच गोष्ट थांबते.