ओव्हरलॉक मशीन घ्यायचं, की काम बाहेरून करून आणायचं?

शिवणकाम करणाऱ्या गटांत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो, ओव्हरलॉकचं मशीन घ्यावं का? कोणी त्याला इंटरलॉक म्हणतं. कापडाचा काठ छाटत छाटत दोऱ्यांनी बांधून टाकतं, ते मशीन.

आपल्या नेहमीच्या मशीनला खाली बॉबिन असते, याला नसते. तीन दोऱ्यांच्या मशीनमध्ये एक दोरा सुईत आणि दोन लूपरमध्ये. ते काठाला वेढा घालतात, म्हणून सुतं सुटत नाहीत. जादा कापड बाजूची सुरी कापते. इथं जपायचं, कारण शिलाई उसवता येते, पण छाटलेली माया परत येत नाही. शिवाय हुकपट्टी, काजं, चेन यातलं काहीच यावर होत नाही. म्हणजे जुनं मशीन लागतंच, हे वरचं दुसरं. साडीच्या पिको-फॉलचं मशीनही वेगळं, गल्लत करू नका.

अस्तराच्या ब्लाऊजचा बराच काठ आत दडवता येतो. सुती परकराला दुहेरी शिलाई घातली की झालं. गाऊन, पंजाबी ड्रेस, गणवेश, ताणणारं होजिअरी कापड हे रोज शिवत असाल, तर मात्र ओव्हरलॉकवाचून अडतं.

आता हिशेब. समजा, एका नगाला बाहेर 5 रुपये देता आणि आठवड्याला 20 नग होतात. महिन्याला 400 रुपये झाले. मोटर-टेबलासह मशीन 12,000 ला पडलं, तर नुसते पैसे फिटायला 30 महिने. दोरा, वीज आणि कर्जाचं व्याज त्यात धरलेलंच नाही. तेच चौघींनी मिळून घेतलं आणि प्रत्येकीचं काम तेवढंच असलं, तर साडेसात महिने. आमचं मत चौघींच्या बाजूचं. पण मशीन जिच्या घरी राहणार तिचं लाईटबिल कोणी भरायचं आणि सुई मोडली तर कोणी आणायची, हे गटाच्या वहीत आधीच लिहून ठेवा.

एका मोठ्या कामाच्या भरवशावर कर्ज काढू नका. 2024-25 मध्ये सरकारी शाळांच्या गणवेशांची शिलाई राज्यानं महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे दिली होती. पुढच्या वर्षापासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. काम वर्षात फिरलं. कर्जाचा हप्ता फिरत नाही.

घ्यायचं ठरलंच, तर मोटर सर्वो प्रकारची बघा. क्लच मोटर आपण शिवत नसतानाही फिरत राहते आणि वीज खाते, सर्वो पायाखाली दाबली तरच चालते. गावात वीज सारखी जात असेल, तर पायट्यावर बसणारं लहान मशीन मिळतं का, तेही विचारा. इचलकरंजीला किंवा कोल्हापुरात जुनं मशीन बघायला जाल, तेव्हा घरून सुती, जॉर्जेट आणि होजिअरीचे तुकडे न्या. तिन्हींवर टाके सारखे पडतात का, सुरी कापड चावते की सरळ कापते, ते बघा. मग दोरे काढून टाकायला सांगा आणि दुकानदाराला हात लावू न देता तुम्हीच पुन्हा ओवा. खालच्या लूपरचा दोरा आडवाटेनं जातो, घरी तो रोज तुम्हालाच ओवायचा आहे.